मांडवात उभे राहिलेले देव

माझ्या आत्याचा आवाज एका हेवी मेटल बँडच्या पहिल्या अल्बमवर आहे, असं सांगितलं की लोक आधी हसतात. ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत रिझर्व्हेशनच्या खिडकीवर माझ्या शेजारी बसणारी शीला तर दोन दिवस हसत होती. पूर्वी मीही हसायचे. आता त्यात हसण्यासारखं फारसं काही दिसत नाही, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते आहे.

आवडाआत्या ही माझ्या बाबांची थोरली बहीण. घोडबंदर रोडवरून खाडीकडे उतरलं की टॉवरांच्या पाठीमागे आमचं कोळ्यांचं गाव आहे. गावाची धवलारीण ती. आमच्याकडे लग्न लावते धवलारीण. भटजी बोलावला तरी तो बाजूला बसून घड्याळ बघणार, खरा कारभार तिचा. हळद लावण्यापासून मांडव सोडण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं असतं. त्या गाण्यांना धवले म्हणतात आणि ते सगळे तिला तोंडपाठ असावे लागतात. तिचा नवरा मी जन्मायच्या आधीच वारला होता, पण त्यामुळे धवलारणीचा मान जातो असं आमच्या गावात कुणी मानत नाही.

आत्याचा आवाज गोड नव्हता. खरखरीत होता, थोडा नाकातला. पण ती गायला लागली की मांडवातली पोरं पळापळ थांबवायची. सुरुवातीला ती देवांना आवतण द्यायची. कार्ल्याची एकवीरा, जेजुरीचा खंडोबा, वेशीवरची गावदेवी असं एकेकाचं नाव घेत. देव झाले की घरातली गेलेली माणसं. ज्याच्या घरचं लग्न त्याचे आजे-पणजे, चुलत्या, मावश्या, सगळ्यांना बोलावून मांडवात उभं करायचं. लग्न लागलं की त्याच क्रमाने नाव घेऊन प्रत्येकाला आपापल्या ठाणी, म्हणजे ठिकाणी, परत धाडायचं. हे परत धाडणं ती कधी घाईत उरकत नसे. वऱ्हाड जेवायला बसलेलं असायचं, ऐकायला चार म्हाताऱ्या उरलेल्या असायच्या, तरी ती शेवटच्या नावापर्यंत गायची.

एकदा एका लग्नात व्हिडिओवाला तिला म्हणाला, "मावशी, ते बोलवायचं परत एकदा घ्या ना, शॉट हुकला." आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की मला त्याची कीव आली. "देव काय तुझे नोकर हायत, दोनदा यायला?" एवढंच ती म्हणाली, आणि त्यानंतर पूर्ण लग्नभर तो बिचारा तिच्या वाटेला गेला नाही.

चिराग माझा धाकटा भाऊ. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला तो तिसऱ्यांदा बसला होता तेव्हा त्याने बँड काढला. नाव ठेवलं 'खाजण', म्हणजे खाडीकाठची ती चिखलाची, तिवरांची जमीन. गिटार वाजवायला डोंबिवलीचा ऋतुराज आणि ड्रमवर कल्याणचा बंटी. बंटीच्या वडिलांचं बाजारात धान्याचं गोदाम होतं, तिथे पोत्यांच्या मधोमध यांची प्रॅक्टिस चालायची. चिराग गायचा. गायचा म्हणजे ओरडायचा, पण ते ओरडणंसुद्धा शिकावं लागतं हे मला नंतर कळलं. घसा न फाडता पोटातून आवाज काढायला त्याला दोन वर्षं लागली. शेजारच्या लक्ष्मीकाकू आईला रोज विचारायच्या, पोराला बरं नाही का म्हणून.

२०१३ साली त्यांनी अल्बम करायचा ठरवला. आठ गाणी होती, सगळी मराठी, आणि सगळी आमच्या गावाची. 'भराव' नावाचं एक गाणं होतं, त्यात डंपर येतात आणि खाडी मातीने बुजवतात. एका गाण्यात लिफ्ट सत्ताविसाव्या मजल्यावर जाते, जिथे खाली पूर्वी आमची जाळी वाळायची. मला मेटलमधलं काही कळत नाही. पण 'भराव' पहिल्यांदा ऐकताना मी स्वयंपाकघरात होते, आणि गॅस बंद करून ते शेवटपर्यंत ऐकलं. माझ्या भावाच्या आत एवढं काही आहे हे मला माहीतच नव्हतं.

अल्बमचं नाव त्यांनी 'आवतण' ठेवलं आणि सुरुवात आत्याच्या आवाजाने करायची असं चिरागच्या डोक्यात आलं. तिला विचारायची त्याची छाती नव्हती. मला पुढे केलं.

आत्या साफ नाही म्हणाली. "लगीन नसताना देव बोलवत नाय."

मी चार दिवस तिच्या मागे लागले. शेवटी तिनेच मार्ग काढला. लग्न नसेल तर लग्न लावायचं. डोंबिवलीत फडके रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका छोट्या रेकॉर्डिंग रूममध्ये ती तांब्या, आंब्याच्या पानांचा टाळा आणि वाटीभर हळद घेऊन आली. रेकॉर्डिंगवाला बघतच राहिला. तिने बंटीच्या ड्रमला नवरा ठरवलं, ऋतुराजच्या काळ्या गिटारला नवरी, आणि दोघांना हळद लावली. ऋतुराज गिटारच्या तारा वाचवायला धडपडत होता. मग तिने तिघांना समोर बसवून विचारलं, "तुमच्या घरानची गेलेली मान्सां सांगा." ऋतुराजने आजोबांचं नाव सांगितलं. बंटीने हसत हसत आईचं, विमल. ती तो शाळेत असतानाच गेली होती. चिरागच्या घरचे आत्याला विचारायची गरज नव्हती, ते तिचेच होते.

गाणं सुरू करण्याआधी तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं. "बोलावलेलं हाय ते सगलं परत धाडलेलं पन त्या सीडीत असंल. असंल ना?"

"हो आत्या. पहिल्या गाण्याआधी बोलावणं, शेवटच्या गाण्यानंतर परत धाडणं. दोन्ही."

"ज्या मांडवान बोलवलं, त्याच मांडवानशी धाडायचं. नाय तं ते उभं ऱ्हातान."

ती चाळीस मिनिटं गायली.

त्यातली चार मिनिटं चिरागने ठेवली. बोलावणं घेतलं, परत धाडणं सगळं कापलं. शेवटच्या गाण्याचा शेवट जोरकस होता, त्यानंतर म्हातारीचं संथ गाणं आलं तर सगळं थंड पडतं, असं त्याचं म्हणणं. सीडी छापायला जायच्या आठवडाभर आधी मला हे कळलं. मी त्याला अडवलं नाही. उलट चिरागला म्हणाले, "जाऊ दे, तिला कुठे कळणार आहे." हे वाक्य माझं आहे. चिरागचं नाही.

डोंबिवलीतल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी अल्बमचं प्रकाशन ठेवलं होतं. पन्नासेक पोरं आली असतील. आत्या नवी कोरी चोळी घालून, ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. आधी तिच्या आवाजाची चार मिनिटं लावली, आणि मग खाजणने आठही गाणी स्टेजवर वाजवली. मी मागे सीडीच्या टेबलाशी होते, तरी माझे कान बधिर झाले. पहिल्या रांगेत आत्या ताठ बसून होती. तिने कानावर हात ठेवले नाहीत, उठली नाही, पाणीसुद्धा मागितलं नाही. पोरं तिचे फोटो काढत होती. बंटीने माइकवरून सांगितलं की आमची सगळ्यात डेंजर फॅन समोर बसली आहे. आम्हाला सगळ्यांना वाटलं, तिला आवडलं.

आठवं गाणं संपलं. टाळ्या झाल्या, वायरी गुंडाळायला घेतल्या, पोरं चहाला गेली. आत्या अजून बसूनच होती. मी जवळ गेले तेव्हा तिने विचारलं, "माझा दुसरा भाग कवा लावतान?"

ती सव्वा तास त्याची वाट बघत होती.

मी चिरागकडे पाहिलं. तो म्हणाला, "आत्या, ते नाही घेतलं. जागा नव्हती." जागा होती. आत्या उठली. रिक्षात बसली आणि घरापर्यंत पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. रेकॉर्डिंगवाल्याकडे उरलेला भाग असेल म्हणून मी दुसऱ्या दिवशी फोन केला. त्याने तो आधीच पुसून टाकला होता.

पुढच्या महिन्यात गावात दोन लग्नं होती. आत्याने दोन्ही घरांना नाही म्हणून कळवलं. मी विचारायला गेले तेव्हा ती मासळी निवडत होती.

"एक लगीन अर्धं हाय माझे अंगावर. मी धाडलं व्हतं ते तुम्ही कापून टाकलं, मंजी धाडलंच नाय. ते तसंच ठेवून दुसरं कसं लावू?"

मी म्हटलं, तू एकटी घरी बसून परत धाड ना सगळ्यांना. ती म्हणाली, तसं होत नाही. ज्यांनी मांडव घातला ते सगळे पाहिजेत, नवरा-नवरी पाहिजेत. आणि मग हातातली मासळी खाली ठेवून ती जे बोलली ते मला माहीत असायला हवं होतं, पण नव्हतं.

आत्याला एक मुलगा होता. धाकू. सहा वर्षांचा असताना खाडीत गेला, भरतीच्या वेळी, खेळता खेळता. ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती, पण आमच्या पिढीसमोर कुणी काढत नसे. धवलारीण लग्नघरच्या मेलेल्यांना बोलावते, स्वतःच्या नाही. चाळीस वर्षं आत्याने दुसऱ्यांच्या माणसांना बोलावलं आणि परत धाडलं. आमच्या घरात माझं लग्न झालं तेव्हा ती आजारी होती, दुसऱ्या गावची धवलारीण आली होती. त्या रेकॉर्डिंगच्या दिवशी पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या घरचं लग्न होतं, मग ते ड्रमचं आणि गिटारचं का असेना. तिने धाकूला बोलावलं. त्याचं नाव त्या चार मिनिटांत आहे. मी ते दहा वेळा ऐकलं होतं आणि बाकीच्या नावांत ते कधी वेगळं ऐकू आलं नव्हतं.

"इतकी वर्सां मी त्याला कवा हाक मारली नवती," ती म्हणाली. "मारली, नि तुम्ही त्याला तिकडंच उभा ठेवला. चिरागला सांगू नको. पोर हाय, मनाला लावून घेईल."

तेव्हाच तिघांना गोळा करून तिच्यासमोर बसवलं असतं तर एका सकाळचं काम होतं. पण अल्बम पडला. तीनशे सीड्यांपैकी दोनशेवर आमच्या माळ्यावर आल्या. कुणी त्याच्याबद्दल वाईटही लिहिलं नाही, कारण कुणी ऐकलाच नाही. एका वेबसाइटवर तेवढा अर्धा परिच्छेद आला. त्यात म्हटलं होतं की बँड बरा आहे, पण सुरुवातीचं ते लोकगीत कशाला, ऐकणारा तिथेच बंद करतो. चिरागने ते वाचलं आणि तडक आत्याच्या ओटीवर जाऊन तिला म्हणाला, "तुझ्या रडगाण्यानं घात केला आमचा." मी तिथे होते. आत्याने मान खाली घातली. ऋतुराजने ही गोष्ट ऐकली तेव्हा तो चिरागला नको नको ते बोलला, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. बंटी गोदामात बसायला लागला. चिरागला एका टॉवरच्या ऑफिसात नोकरी लागली. त्यानंतर घरात त्याचा तो आवाज कुणी ऐकला नाही, आंघोळीलासुद्धा नाही.

दहा वर्षं गेली. गावातली लग्नं लागत राहिली, धवले आता स्पीकरवर लावतात. नवी धवलारीण तयार झाली नाही, कारण आत्या कुणाला शिकवायलाही तयार नव्हती. शिकवायचं तर गावं लागतं, असं ती म्हणायची. लग्नघरी तिला मानाने बोलवायचे, ती एका खुर्चीत बसून परत यायची. चिरागने कधी माफी मागितली नाही. तिने कधी बोलून दाखवलं नाही. मला मात्र त्या दोघांना एका खोलीत बघवत नसे, आणि दोष माझाही होता, म्हणून मी कुणाला काही बोलूही शकत नव्हते.

गेल्या वर्षी ऋतुराजचा मला फोन आला. बेंगळुरूच्या एका छोट्या कंपनीला 'आवतण' जुन्या पद्धतीच्या रेकॉर्डवर पुन्हा काढायचा होता. कुणीतरी इंटरनेटवर तो टाकला होता, आणि कुठल्या कुठल्या देशांतली माणसं त्याच्याबद्दल लिहीत होती. भारतात असं काही झालं होतं आणि कुणाला पत्ता नाही, असं. सगळ्यात जास्त सुरुवातीच्या त्या चार मिनिटांबद्दल लिहीत होती. ही बाई कोण, असं विचारत होती. करारावर तिघांची सही लागणार होती. "ताई, चिरागला तूच विचार," ऋतुराज म्हणाला. "माझा फोन तो घेणार नाही."

मी त्याला म्हटलं, "सही मिळेल. पण तुम्ही तिघांनी आत्याच्या अंगणात यायचं. तोच ड्रम आणि तीच गिटार घेऊन."

"गिटार विकली ना मी."

"मग शोध."

चिरागलाही तेच सांगितलं. का, ते सांगितलं नाही. त्याने ती बाई कोण असं विचारणाऱ्यांचं सगळं वाचलं होतं. मोबाइल खाली ठेवून तो म्हणाला, "आत्या येऊ देईल का मला?" मी म्हटलं, तिचंच अंगण आहे, तिनेच मांडव घालायला सांगितलाय. ऋतुराजला गिटार शोधायला तीन आठवडे लागले. कल्याणला एका कॉलेजच्या मुलाकडे होती, त्या मुलाच्या समीक्षा नावाच्या बहिणीने मध्ये पडून ती एका दिवसापुरती मिळवून दिली.

मार्चमधला रविवार होता, सकाळचे दहा. अंगणात चार बांबूंवर आंब्याचा टाळा बांधला. बंटीने ड्रम मांडला, तो आता जाडा झाला होता आणि खाली बसताना त्याला धाप लागत होती. ऋतुराज आणि चिराग एकमेकांकडे न बघता दोन टोकांना बसले. आत्या तेव्हा चौऱ्याहत्तरची. तिने गिटारवर हात फिरवून खात्री करून घेतली, हळद लावली आणि सुरुवात केली. आवाज पातळ झाला होता. दोनदा दम लागून थांबली. रेकॉर्ड करू का असं ऋतुराजने विचारलं तेव्हा तिने नाही म्हणून नुसती मान हलवली, आणि त्याने मोबाइल खिशात ठेवला.

तिने एकवीरेला परत धाडलं, खंडोबाला धाडलं, गावदेवीला धाडलं. मग ऋतुराजच्या आजोबांना. मग म्हणाली, "बंटीची आय विमल, आपले ठानी जा." दहा वर्षांपूर्वी हसत हसत सांगितलेलं नाव तिच्या लक्षात होतं. बंटीने तोंड ड्रमवर टेकवलं आणि त्याची पाठ हलायला लागली. मग आमचे पणजे, आजा, आजी, आत्याचा नवरा. आणि आत्या थांबली.

चिरागला वाटलं संपलं. तो उठायला लागला. मी हात धरून त्याला खाली बसवलं.

"एक ऱ्हायलाय," आत्या म्हणाली. तिने तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग ती चिरागकडे वळली. "माझेशी व्हत नाय. तू धाड. तुझा भाऊ हाय."

"कोण?"

"धाकू. माझा. सा वरसांचा व्हता." तिने खाडीकडे हात केला. "मी त्याला तुमच्या त्या गान्यान बोलवलाय."

चिरागने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट कशी येत गेली ते मी पाहिलं, आणि पुन्हा कधी पाहायला लागू नये असं वाटतं. तो आत्यासमोर सरकला, दोन्ही हात तिच्या पायांवर ठेवले. तिने ते बाजूला केले. "ते मंग. आधी त्याला धाड."

चिराग हळू म्हणाला, "धाकूदादा, आपल्या ठाणी जा."

आत्याने डोळे मिटून कान दिला. मग डोकं हलवलं. "नाय गेला. मोठ्यानं बोल. खेलत असला का तो हाक ऐकत नाय."

चिराग उठून उभा राहिला. खाडीकडे तोंड केलं, पाय रोवले, आणि पोटातून तो आवाज काढला. दहा वर्षं बंद असलेला, 'भराव'मधला, घसा न फाडता निघणारा आवाज. त्याने धाकूला हाक मारली. टॉवरच्या गॅलऱ्यांतून माणसं वाकून बघायला लागली. त्याने दुसऱ्यांदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली, आणि तिसरीला त्याचा घसा फाटलाच.

आत्याने पुन्हा डोळे मिटून कान दिला. मग म्हणाली, "आता ऐकलं त्यानं."